शनिवारवाड्यावरचा शब्द



जुलैची पहिली तारीख आली की पंचायत समितीच्या आवारात मांडव पडतो, टेबलावर पांढरी चादर येते आणि तिच्यावर एक फोटो उभा राहतो. फोटोला हार, पुढे नारळ, बाजूला उदबत्ती. सभापतींचे भाषण होते, चांगले पीक काढणाऱ्या दोन-चार कास्तकारांना शाल मिळते आणि चहा पिऊन मंडळी आपापल्या वावराकडे निघतात. हा आपला कृषिदिन. फोटोतला माणूस मात्र कास्तकारासारखा दिसत नाही. अंगात झकास कोट, केस नीट मागे वळवलेले, एखाद्या फोटोत हातात पाइपसुद्धा. एखाद्या पोराने बापाला विचारले की बाबा, कृषिदिनाला हा सायबाचा फोटो कशाला, तर त्या पोराला हसू नका. प्रश्न बरोबर आहे, आणि आज त्याचेच उत्तर तुमच्यापुढे मांडायचे आहे.

हे वसंतराव नाईक. जन्म १ जुलै १९१३, गाव गहुली, तालुका पुसद. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग सव्वाअकरा वर्षे ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याआधी किंवा नंतर इतका काळ त्या खुर्चीवर कुणी बसलेले नाही. आणि आपल्या वाशिमच्या माणसाला त्यांच्यावर थोडा जास्त हक्क सांगता येतो, कारण १९७७ साली ते वाशिम मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेले. योगायोग असा की अकोल्यातून फुटून आपला वाशिम जिल्हा झाला तोही १ जुलैलाच, १९९८ साली.

गहुली आपल्या मानोरा तालुक्यापासून फार लांब नाही. मानोऱ्याचे पोहरादेवी तर सगळ्या बंजारा समाजाची काशी. रामनवमीला तिथे संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला देशभरातून माणसे येतात, ती तुम्ही पाहिलीच असतील. वसंतराव त्याच समाजातले. घराण्याचे मूळ आडनाव राठोड. आजोबा चतुरसिंग हे तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, आणि पुढे तेच आडनाव झाले. गहुली हे गावही त्यांनीच वसवलेले.

आता जरा मागे जाऊ. बंजारा माणूस मुळात शेतकरी नव्हता. त्याचा धंदा लदेणीचा. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादायचे, आणि एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचे. बादशहाची फौज असो की पेशव्यांची, तिच्या पोटाला दाणा पुरवायचा तो बंजाऱ्याच्या बैलाने. मग इंग्रज आले, त्यांनी सडका केल्या, आणि १८६७ च्या सुमारास आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. शंभर बैल महिनाभर चालून जे नेत, ते आगगाडीचे दोन डबे दोन दिवसांत नेऊ लागले. लदेणी बसली. त्यात १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा काढून कितीतरी भटक्या समाजांच्या कपाळावर शिक्का मारला. अशा दिवसांत ज्या नाईकांनी तांडे जमिनीवर टेकवले, जंगल तोडून वावरे काढली आणि लेकरांच्या हातात नांगर दिला, त्यांतले एक हे चतुरसिंग.

धान्य वाहून नेणाऱ्या समाजातल्या माणसाच्या नातवावर पुढे साऱ्या राज्याच्या धान्याची काळजी आली, हे मला फार विचार करण्यासारखे वाटते.

वसंतरावांचे वडील फुलसिंग नाईक. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण गावात शाळा नव्हती. मुलाला या खेड्यात एक इयत्ता, त्या खेड्यात दुसरी, असे करत शिकावे लागले. पुढे अमरावती, मग नागपूर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९३८ साली बी. ए. आणि १९४० साली वकिलीची परीक्षा झाली. नागपुरातच वत्सलाबाई घाटे यांच्याशी ओळख झाली आणि १९४१ मध्ये लग्न. मुलगी ब्राह्मणाघरची, मुलगा तांड्यावरचा, आणि साल १९४१. दोन्हीकडे काय वादळ उठले असेल ते तुम्हाला सांगायला नको. आजही एखाद्या गावात तसे लग्न झाले तर पारावर महिनाभर दुसरा विषय नसतो.

वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली घेतले. पुढे देशाचे शेतकी मंत्री झाले, तेच पंजाबराव. मग वसंतरावांनी पुसदला स्वतःची वकिली थाटली. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये आमदार झाले, तेव्हा आपले वऱ्हाड मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. गंमत पाहा, गुन्हेगार जमातींचा तो कायदा देशातून उठला तोही १९५२ सालीच. १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, तेव्हा त्यांच्याकडे आधी सहकार आणि मग शेती खाते आले. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि ते महसूल मंत्री झाले.

इथे एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण ती तुमच्या रोजच्या कामाची आहे. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत पोराचे नाव घालता, पंचायत समितीत बियाण्याच्या अनुदानाचा अर्ज देता. ही जी रचना आहे ती वसंतराव नाईकांच्याच समितीने सुचवलेली. १९६० साली सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९६१ मध्ये तिचा अहवाल आला, त्यावर कायदा झाला, आणि १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्यावर होता. नाईक समितीने जिल्ह्यावर भर दिला. शिवाय आमदार-खासदारांनी जिल्हा परिषदेत बसू नये, कलेक्टरनेही तिथे धनीपणा करू नये, असे सांगितले. आज जिल्हा परिषदेत काय चालते त्याबद्दल तुमचे माझे मत काहीही असो, खेड्यातला माणूस कारभाराच्या खुर्चीवर बसला तो या वाटेने बसला.

१९६३ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार वारले. यशवंतराव चव्हाण त्याआधीच संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते. नवीन माणूस कोण, याची खलबते झाली आणि वसंतरावांचे नाव पुढे आले. त्यांच्या समाजाची मते थोडी, मागे साखर कारखाना नाही, मोठी सोयरेधायरेची फळी नाही. असा माणूस किती दिवस टिकणार, असे कुणालाही वाटले असते. तो सव्वाअकरा वर्षे टिकला. शांत बोलणे, कुणाला तोडून न टाकणे आणि यशवंतरावांचा पाठिंबा, यावर टिकला असे जाणते सांगतात. पण मला वाटते, त्यांना नेमके काय करायचे ते ठाऊक होते, हेही कारण धरले पाहिजे.

तो काळ आठवा, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे देशात पाऊस दगा देऊन गेला. त्यात पाकिस्तानशी लढाई. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्री जेवू नका म्हणून सांगितले आणि लाखो घरांनी ते पाळले. अमेरिकेचा गहू बोटीने यायचा, बंदरावर उतरायचा आणि तिथून थेट रेशनच्या दुकानात. १९६६ या एका वर्षात बाहेरून एक कोटी टनांच्या आसपास धान्य आणावे लागले. बोट यायला उशीर झाला की इकडे सरकारच्या पोटात गोळा. आपल्या महाराष्ट्राची अवस्था तर आणखी नाजूक, कारण जमीन बहुतेक कोरडवाहू आणि मुख्य धान्य ज्वारी, तीही पावसाच्या मर्जीवर.

अशा वेळी १९६५ साली पुण्यात, शनिवारवाड्यापुढच्या सभेत, मुख्यमंत्र्यांनी शब्द दिला. महाराष्ट्र दोन वर्षांत धान्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर मला फाशी द्या, असा त्याचा मतलब. पुढाऱ्याची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. फाशीची भाषा करणारा मुख्यमंत्री विरळाच, आणि तोही असा मवाळ, हळू बोलणारा माणूस. म्हणून तो शब्द लोकांच्या ध्यानात राहिला, आजही राहिला आहे.

शब्द कशाच्या जोरावर दिला? एका बियाण्याच्या.

१९६४ साली देशात पहिली संकरित ज्वारी निघाली, सी.एस.एच.-१ तिचे नाव. आपल्याकडे ते नाव कुणी घेतले नाही, सगळे ‘हायब्रीड’च म्हणत. पेरले काय, तर हायब्रीड. खाल्ले काय, तर हायब्रीडची भाकर. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे दोन वाणांचा संकर करणे मोठे कठीण काम. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९५० च्या सुमारास शास्त्रज्ञांना असे ताट सापडले की ज्याचा नर निकामी असतो. मिलो आणि काफिर अशा दोन जातींच्या ज्वारीच्या मेळातून ते निघाले होते. अशा ताटांची ओळ मादी म्हणून लावायची आणि शेजारी दुसऱ्या वाणाची ओळ नर म्हणून. मादीच्या ओळीवर जो दाणा भरतो तो संकरित. आपल्या हायब्रीडची आई अशी अमेरिकेची होती. दाणा बोटीतून आणून खाण्यापेक्षा दाण्याची आई आणून आपल्या वावरात नांदवली, हा सगळ्या गोष्टीचा गाभा.

वसंतरावांनी सगळी सरकारी यंत्रणा या बियाण्यामागे लावली. ग्रामसेवकापासून कलेक्टरपर्यंत प्रत्येकाने हायब्रीडचेच बोलायचे. बीजोत्पादनाचे प्लॉट गावोगाव निघाले. शेजारच्या जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्येच महिकोची सुरुवात केली होती, तिथून बियाणे येऊ लागले. मुख्यमंत्री दौऱ्यावर निघाले की मोटार थांबवून बांधावर उतरायचे. शेतीची भाषा त्यांना शिकवावी लागत नव्हती.

तरी कास्तकार काही भोळा नव्हता. त्याच्या शंका खऱ्या होत्या, आणि त्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली शंका बियाण्याची. बाप-आजे कणगीतलेच टपोरे कणीस बाजूला ठेवून पुढल्या साली पेरत आले. हायब्रीडचा दाणा परत पेरला तर तसे पीक येत नाही, म्हणून दरसाल पैसे टाकून पिशवी आणायची. कास्तकाराच्या हातातले बी दुकानात गेले ते तेव्हा, आणि ते परत आले नाही. दुसरी शंका कडब्याची. गावरान ज्वारी डोक्याच्या वर जायची, बैलाला वर्षभराची वैरण व्हायची. हायब्रीड कमरेला-छातीला. माणसाचे पोट भरले पण बैलाने कुठे जायचे?

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी, आणि ती आमच्या आयाबायांना जास्त ठाऊक. गावरान ज्वारीला चार-साडेचार महिने लागत. पाऊस उघडल्यावर, थंडीच्या तोंडाला तिचा दाणा भरायचा, म्हणून तो मोत्यासारखा. हायब्रीड शंभर दिवसांची. जूनला पेरली की सप्टेंबरच्या पावसातच कणीस पिकायचे, आणि दाण्यावर पाऊस बसला की बुरशी धरून तो काळा पडायचा. पोती वाढली पण बाजारात काळ्या ज्वारीला भाव कुठून? अन् भाकरी. गावरानची गोडी तिला नाही, मऊपणा नाही, असे बायका उघड म्हणत. त्यात खोडमाशी. पेरा थोडा लांबला की खोडमाशी पोंगा खाऊन टाकायची, म्हणून पाऊस पडताच सगळ्या गावाने एकदम पेरावे असे शेतीखाते सांगायचे. गाव एकदम कधी काही करते का, तुम्हीच सांगा.

एवढे असूनही हायब्रीड पसरली. कारण सोपे आहे. पोट भरत होते. ज्या एकरात चार पोती मोजताना मारामार, तिथे खत-पाणी नीट पडले तर पोत्यांची थप्पी लागायची. लहान कास्तकाराच्या घरी उन्हाळ्यात कणगीचा तळ दिसायचा तो दिसेनासा झाला. पुढे शास्त्रज्ञांनी काळी न पडणारी, जरा उंच अशी नवी वाणे काढली. त्या कामात आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचाही वाटा आहे.

विद्यापीठाचेही जाता जाता सांगतो. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला झाले तेव्हा वऱ्हाडात आग पेटली. कापसाचा मुलूख इकडे, मुख्यमंत्री इकडचा, आणि विद्यापीठ नगर जिल्ह्यात? अकोल्यात मोठे आंदोलन झाले. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याला वेगळे विद्यापीठ मिळाले, आणि त्याला वसंतरावांच्या वकिलीतल्या गुरूंचे, पंजाबरावांचे नाव आहे. १९७२ मध्ये दापोली आणि परभणीची विद्यापीठे झाली. त्यांतल्या परभणीच्या विद्यापीठाला २०१३ पासून वसंतरावांचे नाव आहे.

बाकी त्यांच्या काळात मुंबईत काय काय झाले, नवी मुंबई वसवायला १९७० मध्ये सिडको निघाले, कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरात झाला, राजकारणात कोण कुणाच्या पाठीशी उभे राहिले, ते सगळे आज बाजूला ठेवू. आपल्याला ज्वारीच्या शब्दाचे काय झाले ते पाहायचे आहे.

त्या शब्दाची कसोटी लागली ती १९७२ मध्ये. त्या वर्षीच्या मार्चमध्ये निवडणूक झाली, काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. वसंतराव पुन्हा मुख्यमंत्री. आणि जूनमध्ये पाऊस आला नाही. आधीची दोन साले तशीच गेलेली. नगर, सोलापूर, सांगली, पुणे, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, सगळीकडे विहिरी आटल्या, गुरे कसायाला गेली किंवा दावणीला मेली. आपल्या वऱ्हाडाला त्यामानाने झळ कमी लागली, पण लागली. रेशनला लाल मिलो आला, अमेरिकेतूनच. ज्यांनी त्याची भाकर खाल्ली त्यांना तिचा रंग अजून आठवतो. हायब्रीडची आई ज्या मिलोच्या कुळातली, तोच मिलो आता पोत्यात भरून दारी आला होता. राज्य आपल्या धान्यावर उभे राहील म्हणून जो शब्द दिला होता, तो त्या वर्षी पावसाने मोडला. फाशी कुणी मागितली नाही. मागायला लोकांकडे वेळ नव्हता, ते खडी फोडत होते.

पण त्या खडी फोडण्यातच सरकारची खरी कमाई झाली असे मी म्हणतो. अशा वेळी फुकट धान्य वाटून मोकळे होता आले असते, ते सोपेही होते. सरकारने ठरवले की मागेल त्याला काम द्यायचे. माणूस हजेरीपटावर नाव लावील, संध्याकाळी मजुरी घेऊन घरी जाईल, त्याची मान खाली जाणार नाही. १९७३ च्या मेमध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. तेवढी माणसे कामावर लावायची म्हणजे फावडी, टोपल्या, पाणी, मजुरीचे पैसे, लेकरांसाठी सुकडी, सगळे गावागावात पोचवायचे. ते पोचले. उपासमार पुष्कळ झाली, माणसे सुकली, पण १९४३ ला बंगालमध्ये झाले तसे मृत्यूचे थैमान महाराष्ट्रात झाले नाही. तुमच्या गावाकडचा एखादा पाझर तलाव, एखादी सडक, नाल्याचा एखादा बांध त्या वर्षीचा असेल. म्हाताऱ्या आजीला विचारा, ती सांगेल की या बांधाची माती मी उचलली आहे.

यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, हे विसरू नका. नाहीतर आपण सगळे श्रेय खुर्चीवर बसलेल्याला देऊन टाकतो. पण खुर्चीवर बसलेल्याने ऐकले हेही खरे. योजनेला पैसा हवा म्हणून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. ज्याचा पगार महिन्याला ठरलेला, त्याने ज्याची मजुरी ठरलेली नाही त्याच्यासाठी चार पैसे द्यायचे. आज देशभर जो रोजगाराचा हक्क मानला गेला आणि २००५ मध्ये दिल्लीत ज्याचा कायदा झाला, त्याचे मूळ इथे आहे.

आता कापसाचे. आपल्या घरात त्याचा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार योजना सुरू झाली. म्हणजे राज्यातला सगळा कापूस सरकारनेच घ्यायचा. त्याआधी काय होते? कारंज्याच्या, अकोल्याच्या, अमरावतीच्या बाजारात पऱ्हाटी वेचून गाडी नेली की दलाल आणि व्यापारी ठरवतील तो भाव. रुमालाखाली बोटे धरून सौदा व्हायचा, कास्तकाराला आपल्याच मालाचा भाव शेवटी कळायचा. एकाधिकाराने ते थांबवले. ठरलेला भाव आधी, नफा झाला तर बोनस मागून. काही साली बोनसचे पैसे हाती आले तेव्हा पोरींची लग्ने झाली, घरावर टिना चढल्या. पण हे म्हणजे सरकारने व्यापारी होणे. चुकारे रखडू लागले, ग्रेडरपुढे हात जोडावे लागले, बाहेर भाव चढा असला की कापूस रातोरात राज्याच्या हद्दीपलीकडे जायचा आणि भाव पडला की सगळाच माल सरकारच्या दारात. तोटा साचत गेला. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्याला दार उघडले आणि एकाधिकार संपला. मला विचाराल तर हेतू सोळा आणे होता, कारभार आठ आणे झाला.

एक गाऱ्हाणे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण नुसता हार घालायला हा स्तंभ नाही. अकरा वर्षे मुख्यमंत्री आपल्या बाजूचा, तरी पाणी आपल्याकडे आले नाही. १९८३ मध्ये सरकारने प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिने १९८४ मध्ये प्रत्येक भागाचा अनुशेष मोजला, तेव्हा विदर्भ सिंचनात किती मागे राहिला ते कागदावर आले. वसंतरावांच्या पुसदजवळ पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले, त्याचेही पाणी मोठ्या प्रमाणात मराठवाड्याकडे गेले. आपल्या वाशिमच्या माळावरून नद्या उगम पावतात आणि दुसऱ्याच्या शिवारात मोठ्या होतात. काटेपूर्णा पाहा. उगमाकडच्या माणसाचे हंडे उन्हाळ्यात रिकामे. हायब्रीड बियाणे, खत आणि पाणी या तिघांची जोडी जिथे जमली तिथे शेती उभी राहिली. आपल्याला बियाणे मिळाले, खत उधारीवर मिळाले, पाणी नाही. त्यांच्या मनात वऱ्हाड नव्हते असे मी म्हणणार नाही. सगळ्या राज्याचा होण्याच्या नादात माणूस आपल्या घरासाठी मागायला संकोचतो, तसे काही झाले असावे. आणि तेव्हा आपल्या आमदारांनीही तोंड कितीसे उघडले?

त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांनी जलसंधारणाचे वेगळे खाते काढले, माथ्यावर पडलेले पाणी माथ्यावरच मुरवायचे म्हणून. काकांकडून राहिलेले काम पुतण्याने हाती घेतले, असे म्हणायला हरकत नाही. तेही पुढे १९९८ मध्ये वाशिमचे खासदार झाले.

आज आपल्या जिल्ह्यात खरिपात फिरा. सोयाबीन, सोयाबीन आणि मध्ये तुरीचे तास. हायब्रीडसुद्धा शोधावी लागते, गावरानची तर गोष्टच सोडा. कडबा विकत, भाकरीचे पीठ विकत, आणि ज्वारीचे पीठ शहरातल्या दुकानात गव्हापेक्षा महाग. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा सरकारने जे मिशन काढले, त्यालाही वसंतराव नाईकांचेच नाव दिले.

१९७५ च्या फेब्रुवारीत दिल्लीने मुख्यमंत्री बदलला, शंकरराव चव्हाण आले. वसंतराव मुकाट्याने बाजूला झाले. १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेस पार धुऊन निघाली, इंदिराबाई स्वतः पडल्या, पण विदर्भाने काँग्रेसला साथ दिली आणि वाशिमने वसंतरावांना दिल्लीला पाठवले. तुमच्या घरातल्या कुणीतरी तेव्हा त्यांना मत दिले असेल, किंवा विरोधात दिले असेल. त्याच साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला. मागेल त्याला काम देणे आता सरकारला बंधनकारक झाले. त्यानंतर सात महिन्यांनी, १८ ऑगस्टला, वाशिमचे खासदार असतानाच वसंतराव नाईक सिंगापूरला वारले. इकडे त्या दिवसांत हायब्रीड निसवायला लागली होती.